कार्बन आणि त्याची संयुगे खोलीच्या तापमानाला कोणत्या अवस्थेत असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बनची संयुगे शिकताना अवस्थेचा विषय बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो: "ही संयुगे स्थायू, द्रव किंवा वायू अवस्थेत आढळतात." ओळ खरी आहे, पण तिच्यातून काही हाती लागत नाही. कोणते संयुग वायू, कोणते द्रव आणि तसे का, हे उमगले की शेकडो नावे पाठ करण्याची गरज उरत नाही. विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत.

## शुद्ध कार्बन खोलीच्या तापमानाला कोणत्या अवस्थेत असतो?

स्थायू. हिरा, ग्राफाइट, ग्राफीन, फुलरीन, कोळसा, काजळी ही सगळी रूपे स्थायूच. कार्बनचे एकही अपरूप खोलीच्या तापमानाला द्रव किंवा वायू नाही.

याचे मूळ कार्बनच्या चार बंधांत आहे. नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांची गरज भागवतात, ऑक्सिजनचे दोन अणू दुहेरी बंधाने. त्यांची जोडी जमली की तिला शेजारच्या जोडीशी फारसे देणेघेणे राहत नाही, म्हणून हे दोन्ही वायू. कार्बनच्या दोन अणूंना आपापसांत चारही बंध नीट पुरे करता येत नाहीत. दोन कार्बन अणूंचा रेणू मुळीच नसतो असे नाही. ज्वालेच्या निळसर-हिरव्या प्रकाशात त्याचा मोठा वाटा असतो. पण तो ज्वालेच्या उष्णतेतच तग धरतो. जरा थंड झाले की कार्बनचे अणू आणखी अणूंना धरतात, ते आणखी पुढच्यांना, आणि बघता बघता न संपणारे जाळे विणले जाते. हे जाळे म्हणजेच आपल्याला दिसणारा स्थायू कार्बन.

## "खोलीचे तापमान" म्हणजे नेमके किती?

साधारण २० ते २५ °से. रसायनशास्त्राच्या तक्त्यांत बहुतेक वेळा २५ °से. धरतात, आणि दाब नेहमीचा वातावरणीय.

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण काही संयुगे अगदी या सीमेवर बसलेली आहेत. ॲसिटाल्डिहाइड २०.२ °से.ला उकळते. १८ अंशांच्या खोलीत ते द्रव आहे, २५ अंशांच्या खोलीत वायू. हायड्रोजन सायनाइड २६ °से.च्या जरा खाली उकळते. सतरा कार्बनचा सरळ साखळीचा अल्केन (फक्त एकेरी बंधांचे कार्बन-हायड्रोजन संयुग) २२ °से.ला वितळतो, अठरा कार्बनचा २८ °से.ला, म्हणजे २५ अंशांना एक द्रव आणि त्याचाच पुढचा भाऊ स्थायू. निसर्गाने "खोलीचे तापमान" अशी रेघ आखलेली नाही. ती आपल्या सोयीची आहे. म्हणून अवस्था विचारली की मनात लगेच द्रवणांक आणि उत्कलनांक यावेत. खोलीचे तापमान द्रवणांकाच्या खाली असेल तर स्थायू, दोघांच्या मध्ये असेल तर द्रव, उत्कलनांकाच्या वर असेल तर वायू.

## कार्बन तापवला तर वितळतो का?

नेहमीच्या दाबाला नाही. हवा नसलेल्या जागी ग्राफाइट तापवत नेला तर ३६०० °से.च्या पुढे तो सरळ वाफ होऊ लागतो, म्हणजेच त्याचे संप्लवन होते. द्रव कार्बन मिळवायचा तर वातावरणीय दाबाच्या शंभर पटींच्या आसपास दाब आणि चार हजार अंशांहून जास्त तापमान लागते. हवेत तापवला तर इथवर पोचायचा प्रश्नच येत नाही, त्याआधीच तो जळून जातो.

## हिरा आणि ग्राफाइट दोन्ही कार्बन, दोन्ही स्थायू. मग एक इतका कठीण आणि एक इतका मऊ कसा?

हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना चारही दिशांनी धरून असतो. कुठूनही ढकलले तरी मजबूत सहसंयुज बंध आडवे येतात. ग्राफाइटमध्ये प्रत्येक अणू एकाच पातळीतल्या तीन शेजाऱ्यांना धरतो आणि षटकोनांचे पत्रे तयार होतात. पत्र्यातल्या दोन अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन पत्र्यांमधले ०.३३५ नॅनोमीटर, दुपटीहून जास्त. पत्रे एकमेकांना हलक्या ओढीनेच धरलेले असतात, म्हणून ते घसरतात. पेन्सिलीने कागदावर रेघ उमटते ती घसरून सुटलेल्या पापुद्र्यांची.

एक बारकावा इथे निसटतो. ग्राफाइट मऊ आहे म्हणून तो सहज वितळेल असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पत्रे घसरवायला हलकी ओढ मोडावी लागते, पण ग्राफाइटची वाफ करायची तर पत्र्यातले मजबूत बंधच तोडावे लागतात. मऊपणा आणि द्रवणांक या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हिरा आणि कोळसा एकाच मूलद्रव्याचे, हे १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी हिरा जाळून दाखवले. हिऱ्यापासून तेवढ्याच वजनाच्या कोळशाइतकाच कार्बन डायऑक्साइड निघाला.

## खोलीच्या तापमानाला हिऱ्याचे हळूहळू ग्राफाइट होते, हे खरे का?

नेहमीच्या दाबाला ग्राफाइट हे जास्त स्थिर रूप आहे, एवढे खरे. पण हिऱ्याचे ग्राफाइट व्हायचे तर आधी घट्ट बंध तुटायला हवेत, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळतच नाही. हवेविना १५०० °से.च्या वर तापवल्यावर हे रूपांतर दिसू लागते. अंगठीतला हिरा अगदी सुरक्षित आहे.

## फुलरीनही कार्बनच. मग तो वेगळा का वागतो?

कारण तो न संपणारे जाळे नाही. फुलरीन म्हणजे साठ अणूंचा, फुटबॉलसारख्या आकाराचा, पूर्ण झालेला रेणू. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी तो १९८५ मध्ये शोधला आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक चेंडूच्या आतले बंध मजबूत आहेत, पण एका चेंडूची दुसऱ्याशी ओढ हलकी आहे. खोलीच्या तापमानाला तो काळपट भुकटीच्या रूपात स्थायू असतो, पण निर्वात जागेत काहीशे अंशांनाच त्याची वाफ होते, ग्राफाइटसारखी हजारो अंशांची वाट बघावी लागत नाही. टोल्युइनमध्ये तो विरघळतो आणि सुंदर जांभळा रंग येतो. हिरा किंवा ग्राफाइट असा कशातही विरघळत नाही.

या पानावरचे जवळजवळ प्रत्येक उत्तर या फरकाशी येऊन मिळते. पदार्थ वितळवताना किंवा उकळताना काय तुटते? जाळ्यातले बंध, की रेणूंची आपापसांतली ओढ? हे आधी विचारा, मग अवस्थेचा अंदाज बांधा.

## कार्बन स्थायू असताना कार्बन डायऑक्साइड वायू कसा?

संयुगाला घटकांची अवस्था वारशाने मिळत नाही. कार्बन स्थायू, गंधकही स्थायू, पण दोघांचे कार्बन डायसल्फाइड हे ४६ °से.ला उकळणारे द्रव आहे. स्थायू कार्बन आणि वायू हायड्रोजन एकत्र आले की वायू मिथेन होतो, द्रव हेक्झेन होतो आणि स्थायू मेणही होते. संयुग झाले की कार्बनचे जुने जाळे उरत नाही. नवा रेणू आपल्या शेजारच्या रेणूंशी कसा वागतो, त्यावर नवी अवस्था ठरते.

## कार्बन डायऑक्साइडमधले बंध दुहेरी आणि मजबूत असतात. मग तो स्थायू का नाही?

हा गोंधळ मी सर्वांत जास्त पाहिला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधला हा दुहेरी बंध तोडायला प्रति मोल सुमारे ८०० किलोजूल ऊर्जा लागते. गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला एक रेणू दुसऱ्यापासून सुटा करायला मात्र प्रति मोल २५ किलोजूलच्या आसपास पुरते. वायू होताना रेणू मोडत नाही, तो फक्त कळपातून बाहेर पडतो. आतले बंध कितीही बळकट असले तरी अवस्थेचा निकाल बाहेरच्या दुबळ्या ओढीवर लागतो.

आता सिलिकॉन डायऑक्साइड बघा. सूत्र अगदी तसेच, एक अणू सिलिकॉनचा, दोन ऑक्सिजनचे. पण सिलिकॉनला ऑक्सिजनशी दुहेरी बंध नीट जमत नाहीत. तो चार ऑक्सिजन अणूंना एकेरी बंधाने धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांमध्ये वाटला जातो आणि वाळूच्या कणात अखंड जाळे तयार होते. ते वितळवायला १७०० °से.हून जास्त तापमान लागते. एक आपण श्वासातून सोडतो, दुसऱ्यावरून चालतो. वहीत दोन्हींची सूत्रे मात्र जुळ्या भावंडांसारखी दिसतात.

## ड्राय आइस वितळून पाणी का होत नाही? द्रव कार्बन डायऑक्साइड असतो का?

ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्यात पाणी नसतेच. नेहमीच्या दाबाला उणे ७८.५ °से.वर त्याचा सरळ वायू होतो. द्रव अवस्था टिकायला वातावरणीय दाबाच्या पाचपटीहून जास्त दाब लागतो, आणि आपल्या भोवतीच्या हवेत तो नसतो.

द्रव कार्बन डायऑक्साइड मात्र असतो, आणि तोही खोलीच्या तापमानाला. या वायूच्या अग्निशामक नळकांड्यात २० °से.ला वातावरणीय दाबाच्या पन्नास-साठ पट दाब असतो आणि आत द्रवच भरलेला असतो. खटका दाबला की द्रव बाहेर येताना झपाट्याने फुलतो, थंड होतो आणि त्यातल्या काही भागाचा पांढरा भुरभुरीत बर्फ होतो. ३१ °से.च्या वर मात्र कितीही दाबले तरी द्रव आणि वायू असे दोन थर वेगळे दिसत नाहीत. तो त्याचा क्रांतिक बिंदू.

## कार्बन मोनॉक्साइडचे काय?

वायू, आणि तोही फार खालपर्यंत. तो उणे १९१.५ °से.ला उकळतो, नायट्रोजन उणे १९५.८ °से.ला. दोन्ही रेणूंत चौदा इलेक्ट्रॉन, दोन्हींत तिहेरी बंध, वस्तुमानही जवळजवळ सारखे. कार्बन मोनॉक्साइड किंचित ध्रुवीय आहे, म्हणजे त्याच्या एका टोकाला थोडा धन आणि दुसऱ्याला थोडा ऋण भार असतो, पण ते ध्रुवत्व इतके क्षीण की चार अंशांचाच फरक पडतो.

## हायड्रोकार्बनमध्ये किती कार्बनपर्यंत वायू, कितीपासून द्रव?

सरळ साखळीच्या अल्केनांसाठी २५ °से.ला उत्तर असे: एक ते चार कार्बन वायू, पाच ते सतरा द्रव, अठरापासून पुढे स्थायू.

आकडे ओळीने बघितले की समजायला सोपे जाते. मिथेन उणे १६१.५ °से.ला उकळतो, इथेन उणे ८८.६ला, प्रोपेन उणे ४२ला, ब्युटेन उणे ०.५ला, पेंटेन ३६ला, हेक्झेन ६९ला, ऑक्टेन १२६ला. प्रत्येक पायरीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात. रेणू लांबतो आणि शेजाऱ्याला चिकटायला जास्त पृष्ठभाग मिळतो. हायड्रोकार्बनांमध्ये विद्युतभाराची मोठी ओढाताण नसते. इलेक्ट्रॉनांच्या क्षणोक्षणी हलणाऱ्या ढगांमुळे निर्माण होणारी क्षीण ओढच काय ती असते. एक धागा सहज तुटतो, पण असे शेकडो धागे शेजारी शेजारी असले की जोर लावावा लागतो. लांब साखळ्यांचे तसेच आहे.

उड्यांकडेही लक्ष द्या. मिथेनकडून इथेनकडे जाताना उत्कलनांक सत्तरहून जास्त अंशांनी वाढतो, पेंटेनकडून हेक्झेनकडे जाताना फक्त तेहतीस अंशांनी. लहान रेणूत एक कार्बन वाढणे ही मोठी बाब, लांब साखळीत तेवढी नाही.

मेणबत्तीचे पॅराफिन म्हणजे साधारण वीस ते चाळीस कार्बनांच्या साखळ्यांचे मिश्रण. पेट्रोलमध्ये चार ते बारा कार्बनांचे रेणू प्रामुख्याने असतात, म्हणून ते द्रव, आणि म्हणूनच त्यातले हलके रेणू उघड्यावर चटकन उडून जातात.

## सूत्र सारखे असले तर अवस्थाही सारखीच असते का?

नाही, आणि याची उदाहरणे मला फार आवडतात.

पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन यांचे तीन समघटक आहेत. सरळ साखळीचा पेंटेन ३६ °से.ला उकळतो, एक फाटा असलेला आयसोपेंटेन सुमारे २८ला आणि गोळीसारखा गोल निओपेंटेन ९.५ला. म्हणजे २५ °से.ला पहिले दोन द्रव आणि तिसरा वायू. गोल रेणूंना एकमेकांशी स्पर्श करायला जागा कमी, म्हणून ओढ कमी.

मग गोल आकारामुळे द्रवणांकही कमी होतो का? इथे उलटे घडते. निओपेंटेन उणे १६.५ °से.ला वितळतो, पेंटेन मात्र उणे १३० °से.ला. स्फटिकात रेणू नीट रचले जायला समान, गोलसर आकार फार सोयीचा पडतो, आणि असा रचलेला ढीग सहज विस्कटत नाही. याचे टोक आठ कार्बनांच्या कुटुंबात दिसते. त्यात अठरा समघटक आहेत. नेहमीचा ऑक्टेन द्रव, आयसोऑक्टेनही द्रव, पण २,२,३,३-टेट्रामेथिलब्युटेन हा खोलीच्या तापमानाला पांढरा स्थायू आहे. तो १०० °से.च्या जरासा वर वितळतो आणि १०६ °से.च्या आसपास उकळतोही. अणू तेच, संख्या तीच, फक्त मांडणी वेगळी, आणि द्रव म्हणून जगायला त्याला सहा-सात अंशांचीच फट मिळते.

## ब्युटेन वायू आहे, मग लायटरमध्ये द्रव कसा दिसतो?

दाबाने. ब्युटेनचा उत्कलनांक शून्याच्या जरासा खाली आहे, त्यामुळे खोलीच्या तापमानाला वातावरणीय दाबाच्या दुपटीच्या आसपास दाब मिळाला की तो द्रव राहतो. प्रोपेनला सुमारे आठपट लागतो, म्हणून त्याची टाकी जाड पोलादाची. मिथेन मात्र खोलीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्याला आधी खूप थंड करावे लागते.

ॲसिटिलीनची गोष्ट निराळी. नुसते दाबले तर त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून नळकांड्यात सच्छिद्र पदार्थ भरतात, त्यात ॲसिटोन मुरवतात आणि ॲसिटिलीन त्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात.

## मिथेन वायू, पण मिथेनॉल द्रव. एका ऑक्सिजनने एवढा फरक?

ऑक्सिजनपेक्षाही, ऑक्सिजनला जोडलेल्या हायड्रोजनमुळे. हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरतो. हा हायड्रोजन बंध. मिथेनॉल ६४.७ °से.ला उकळतो, जवळजवळ तेवढ्याच वस्तुमानाचा इथेन उणे ८८.६ला. साधे अल्कोहोल घेतले तर एकही खोलीच्या तापमानाला वायू नाही, अगदी सर्वांत लहानही नाही.

खरी परीक्षा इथेनॉल आणि डायमेथिल ईथर यांची. दोघांचे रेणुसूत्र एकच. इथेनॉल ७८ °से.ला उकळणारे द्रव, डायमेथिल ईथर उणे २४ °से.ला उकळणारा वायू. ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसलेला असतो, त्याला हायड्रोजन जोडलेला नसतो, त्यामुळे रेणू एकमेकांना तसे धरू शकत नाहीत.

## वजन सारखे ठेवून तीनही अवस्था दाखवता येतील का?

येतील, आणि वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे. ब्युटेनचे रेणुवस्तुमान ५८, ॲसिटोनचे ५८, युरियाचे ६०. ब्युटेन वायू. ॲसिटोनमध्ये ध्रुवीय कार्बोनिल गट आला, तो ५६ °से.ला उकळणारे द्रव. युरियात दोन अमिनो गट आणि एक कार्बोनिल, म्हणजे हायड्रोजन बंध चहूबाजूंनी, आणि तो १३३ °से.ला वितळणारा पांढरा स्थायू. "जड रेणू म्हणजे स्थायू, हलका म्हणजे वायू" हे वाक्य अर्धेच का खरे आहे, ते या तीन नावांतून दिसते. याच धर्तीवर ७५ वस्तुमानाचे ग्लायसिन घ्या. त्याच्या रेणूच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार असतो, त्यामुळे ते जवळजवळ क्षारासारखे वागते आणि २०० °से.च्या वर गेल्यावर वितळण्याऐवजी विघटित होते.

## ॲसिटिक आम्ल द्रव आहे, तरी बाटलीत कधीकधी बर्फासारखे का दिसते?

शुद्ध ॲसिटिक आम्ल १६.६ °से.ला गोठते. कडाक्याच्या थंडीत एका सकाळी प्रयोगशाळेचे कपाट उघडले आणि बाटली उपडी केली तरी थेंब पडेना, तेव्हा मला वाटले की बाटलीत भलतेच काही भरले आहे. कोमट पाण्यात ठेवल्यावर ते पुन्हा वाहू लागले. व्हिनेगर मात्र असे गोठत नाही, कारण त्यात बहुतांश पाणीच असते.

## फॉर्माल्डिहाइड वायू आहे म्हणतात, पण नमुने तर द्रवात ठेवलेले असतात?

तो द्रव म्हणजे फॉर्मालिन, पाण्यात विरघळवलेले सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड. शुद्ध फॉर्माल्डिहाइड उणे १९ °से.ला उकळते, म्हणजे वायूच. द्रावणाची अवस्था आणि पदार्थाची अवस्था वेगळी धरावी. मिथिलअमीनही बाटलीत द्रव दिसते, पण ते पाण्यातले द्रावण असते. शुद्ध मिथिलअमीन वायू आहे.

## कार्बनला चार हॅलोजन जोडले तर?

चारी फ्लोरिन: वायू, उणे १२८ °से.ला उकळतो. चारी क्लोरिन: द्रव, सुमारे ७७ °से.ला उकळतो. चारी ब्रोमिन: स्थायू. चारी आयोडिन: स्थायू. सगळे रेणू एकाच घडणीचे, सगळे अध्रुवीय, आणि इलेक्ट्रॉन वाढत जातात तशी ओढ वाढत जाते. क्लोरोफॉर्म ध्रुवीय असूनही ६१ °से.लाच उकळते, कार्बन टेट्राक्लोराइडच्या खाली. ध्रुवत्वाला नेहमी पहिला मान देण्याची सवय आपल्याला लागते, पण इथे इलेक्ट्रॉनांची संख्या वरचढ ठरते.

## नॅप्थॅलीनच्या गोळ्या स्थायू, मग न वितळता लहान कशा होतात?

स्थायूच्या पृष्ठभागावरूनही रेणू सुटत असतात. नॅप्थॅलीन ८० °से.ला वितळते, पण त्याच्या रेणूंची ओढ इतकी घट्ट नाही की एकही निसटू नये. कापराचेही तेच. वास येतो याचा अर्थच रेणू नाकापर्यंत पोचले.

जाता जाता बेन्झीनबद्दल. बेन्झीन ५.५ °से.ला गोठते, टोल्युइन उणे ९५ °से.ला. टोल्युइन जड, तरी गोठायला नाखूश, कारण एका मेथिल गटाने सममिती बिघडवली. निओपेंटेनचा नियमच पुन्हा दिसतो.

## काही मेदाम्ले स्थायू आणि काही द्रव का?

स्टिअरिक आम्ल आणि ओलिइक आम्ल, दोन्हींत अठरा कार्बन. स्टिअरिक ६९ °से.ला वितळते, म्हणून स्थायू. ओलिइक साधारण १३ °से.ला, म्हणून द्रव. फरक मधल्या एका दुहेरी बंधाचा. ओलिइक आम्लात तो सिस प्रकारचा असतो, म्हणजे साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला, त्यामुळे साखळीला बाक येतो आणि वाकड्या काड्यांची मोळी जशी नीट बांधता येत नाही तसे होते. दुहेरी बंध तोच ठेवून रचना ट्रान्स केली की साखळी पुन्हा जवळजवळ सरळ होते. ते इलायडिक आम्ल, सुमारे ४५ °से.ला वितळणारे. वनस्पती तेले बहुधा द्रव आणि प्राण्यांची चरबी बहुधा स्थायू असते, त्याचे कारण हेच बाक.

## "कार्बनी संयुगांचे द्रवणांक कमी असतात" हा नियम सगळीकडे लागू होतो का?

सुट्या रेणूंच्या सहसंयुज संयुगांना लागू होतो. कार्बन असलेल्या प्रत्येक पदार्थाला नाही. कॅल्शिअम कार्बोनेट आयनिक आहे, ८०० °से.च्या पुढे तापवले की वितळण्याऐवजी त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. सिलिकॉन कार्बाइड हिऱ्यासारखे जाळे आहे आणि २००० अंशांनाही त्याला काही होत नाही.

उलट बाजूचा अपवादही आहे. आयनिक म्हणजे स्थायूच, हे आपण गृहीत धरतो. पण पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये इथिलअमोनिअम नायट्रेट नावाचा क्षार नोंदवला, जो १२ °से.लाच वितळतो. सबंध आयनांचा बनलेला, तरी खोलीच्या तापमानाला वाहणारा. अवजड, बेढब कार्बनी आयनांना स्फटिकात नीट बसता येत नाही, म्हणून असे होते.

## धातू असलेले कार्बनचे संयुग द्रव असू शकते?

हो. निकेल १४५५ °से.ला वितळणारा धातू. त्याच्या एका अणूभोवती कार्बन मोनॉक्साइडचे चार रेणू जोडले की निकेल टेट्राकार्बोनिल होते, रंगहीन द्रव, ४३ °से.ला उकळणारे. लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १८९० मध्ये शोधले, आणि निकेल शुद्ध करण्याची पद्धत त्यावर उभी राहिली: वाफ करून अशुद्धी मागे सोडायची, मग तापवून निकेल परत मिळवायचे. हे द्रव अत्यंत विषारी आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. लोहाचे पेंटाकार्बोनिलही द्रवच.

## प्लास्टिकला ठरावीक द्रवणांक का नसतो?

पॉलिथिलीनचा एक रेणू म्हणजे हजारो कार्बनांची साखळी, आणि सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. काही भाग शिस्तीत रचलेला, काही गुंतवळ. त्यामुळे ते एका अंशावर वितळत नाही, आधी मऊ पडते आणि १०० ते १३५ अंशांच्या दरम्यान प्रकारानुसार वितळते. आणखी तापवले तर त्याची वाफ होत नाही, साखळ्याच तुटू लागतात. फार मोठ्या रेणूंना वायू अवस्था नसतेच. साखरेचेही काहीसे असेच: रेणू मोठा नाही, पण हायड्रोजन बंध इतके की वायू होण्याआधीच ती करपते.

## डांबर स्थायू की द्रव?

हातोडीने मारले तर काळ्या डांबराचे काचेसारखे तुकडे होतात. तरी ते वाहते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये तापवलेले डांबर काचेच्या नरसाळ्यात ओतले, १९३० मध्ये नरसाळ्याचे खालचे तोंड कापून मोकळे केले आणि वाट बघायला सुरुवात केली. पहिला थेंब १९३८ मध्ये पडला, आठवा २००० मध्ये, नववा २०१४ मध्ये. त्या डांबराची विष्यंदता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट निघाली. त्यात नाना लांबीचे, नाना आकारांचे कार्बनी रेणू इतके मिसळलेले असतात की स्फटिक व्हायला जमत नाही आणि भरभर सरकायलाही जमत नाही. दहावा थेंब नरसाळ्याखाली आकार घेतो आहे.